डोंगरावरची इर्जिक

कन्नडच्या घाटाशी, डोंगराच्या पाठीवर आमचं कुरण आहे. एकेकाळी तिथलं गवत असं माजायचं, की उंटावर बसून माणूस आत शिरला तर नुसतं पागोटं दिसावं. उंट आमच्याकडं कधी आला नाही. पण आला असता तर हेच झालं असतं. पुढं गुरं घटली, कापायला गडी मिळेनात. मी संभाजीनगरात खुर्ची गरम करत बसलो आणि माझ्या माघारी कुरणात घाणेरी, बोरी, बाभळी घुसल्या.

थोरल्या दादाकडं दोनच गाई उरल्या होत्या. दिवाळीला तो म्हणाला, "चारू कुठं? समदे काटेच हायेत. विकून टाकतो."

त्यातली तांबडी आईच्या हातची. ती जाणार म्हटल्यावर माझ्या अंगात बारा बैल शिरले. "इर्जिक घालू!" मी गरजलो. गावानं मिळून एकाचं काम उरकायचं आणि घरधन्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, ही आमची जुनी रीत. "दिवसभरात डोंगराची हजामत करतो. गाई इथंच चरतील."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, मागच्या खेपेला तुम्ही तुळस छाटली, ती अजून उठली नाय."

इर्जिकीत काम आधी आणि जेवण दिवस मावळताना, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मला शहरी पाहुणचाराची खाज! लोकांनी उपाशीपोटी राबायचं? छे! सकाळीच कुरणात मटणाचा हंडा उतरवला. वासानं घाटातल्या एसटीनं करकचून ब्रेक मारला म्हणतात. मंडळी कुऱ्हाडी बाजूला ठेवून भाकऱ्यांवर तुटून पडली.

"लई झालं, मालक," शेजारचे आबा ढेकर देत म्हणाले. "जरा पाठ टेकतो."

आबांमागं सगळं गाव आडवं झालं. तेही कुठं? तोडायला आलो त्याच बाभळींच्या सावलीत. घोरणं असं, की पलीकडच्या डोंगरातले मोर पाऊस आला समजून ओरडू लागले. मी एकटा घाणेरीवर धावून गेलो. तिनं माझा सदरा ठेवून घेतला. कुऱ्हाड हातातून जी निसटली, ती आजवर सापडलेली नाही. मग म्हटलं, आपणही जरा पाठ टेकावी.

दादानं पायानं ढोसून उठवलं तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता.

"झाली का हजामत?"

बाभळी सगळ्या उभ्या होत्या. हंडा तेवढा साफ झाला होता.

पुढच्या बाजाराला गाई गेल्या. तांबडी निघाली तेव्हा मी गोठ्यामागं उभा होतो. डोळ्यात कुसळ गेलंय, असं वहिनीला सांगितलं. ती "व्हय व्हय" म्हणाली आणि पदर पुढं केला.

दादा त्याच बाजारातून शेळ्या घेऊन आला. बोर म्हणू नका, बाभूळ म्हणू नका, त्या सकाळपासून ओरबाडतात. आता गावी गेलो की मला शेळीच्या दुधाचा चहा मिळतो आणि वर दादाचा टोमणा: "बघ, ह्यांची इर्जिक. खात्यात, पन झोपत नायत."