दसऱ्याच्या ताटातलं पिस्तूल

नानांनी पिस्तूल काउंटरवर ठेवलं आणि हात झटकन मागे घेतला, तवा तापलेला असावा तसा.

"हाई मन्हं नही शे," ते म्हणाले. "येन्हामा आबा शे."

धुळ्यात माझं लायसन्सच्या हत्यारांचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती आणि डिपॉझिट. डिपॉझिट म्हणजे निवडणुकीच्या काळात, किंवा मालक वारला की, हत्यार आमच्याकडे जमा होतं. नाना पारोळ्याकडचे शेतकरी. आबा त्यांचे थोरले भाऊ, गेल्या वर्षी वारले. दोघांची पिस्तुलं दोन वेगळ्या कंपन्यांची, पण रंग काळा, लांबी तीच, वजनही जवळपास तेच.

नानांच्या घरी शस्त्रपूजेची एक रीत आहे. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून ठेवायची. मग नाना ट्रिगर दाबतात. आवाज होत नाही. "हत्यार झोपेल शे," असं ते म्हणाले की सात वर्षांची नात नळीच्या तोंडाला कुंकू लावते. आबांची ती फार लाडकी.

यंदा 'टक्' असा आवाज आला. तेव्हापासून नानांना जेवण गोड लागत नव्हतं.

मी हसलो. हसायला नको होतं. नानांच्या पिस्तुलात मॅगझिन काढलं की ट्रिगर मरतो. दुसऱ्या कंपनीच्या पिस्तुलात तो जिवंतच राहतो. यातलं चांगलं कुठलं, असं गिऱ्हाइकं विचारतात. मी म्हणतो, हाताला सवय असेल ते. नंबर पाहिला, तर पिस्तूल खरंच आबांचं. निवडणुकीनंतर नानांचं पिस्तूल परत देताना मी चिठ्ठीवरचं 'पाटील, पारोळा' एवढंच वाचलं होतं, दोघांच्याही चिठ्ठीवर तेच होतं, आणि नंबर ताडून पाहिला नव्हता. चूक सर्वस्वी माझी.

नानांना हे समजावलं. बोलता बोलता सवयीने स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढली. आतून एक गोळी बाहेर पडली आणि घरंगळत नानांच्या हातापाशी जाऊन थांबली.

मी ती उचलून उजेडात धरली. गोळीच्या बुडावर मधोमध खळगा होता. घाव बसला होता, पण गोळी उडाली नव्हती.

"नाना, नळीचं तोंड कुठे होतं?"

"कुकू लावाले नात समोर उभी व्हती."

आबांच्या तेराव्यानंतर त्यांच्या पत्नी, अक्का, पिस्तूल जमा करायला आल्या होत्या. पदराने डोळे पुसत होत्या. मी मॅगझिन काढलं आणि पिस्तूल तिजोरीत ठेवलं. बाई रडत असताना खटखट बरी दिसत नाही, म्हणून स्लाइड ओढली नाही. एक गोळी नळीत तशीच राहिली. हे आठवलं आणि मला स्वतःची किळस आली.

नाना मात्र शांत झाले होते. ते गोळीकडे बघत म्हणाले, "आबानी धरी ठेवी."

गोळी सादळली असणार, असं मी सांगितलं. जुन्या गोळ्या सादळतात. झाला प्रकार पोलीस ठाण्यात लेखी कळवला आणि बोलणी खाल्ली. आबांच्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये त्याच पाकिटातल्या आणखी पाच गोळ्या होत्या. पुढे तपासणीत त्या उडवून पाहिल्या. पाचही उडाल्या.

आता हत्यार जमा करायला आलेलं माणूस कितीही रडत असो, मी आधी स्लाइड ओढतो आणि मग पाणी विचारतो.