आप्पांचा लाईनमन

मारुती आप्पा बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघत. वडगावात साड्यांच्या मागावर त्यांचा जन्म गेला. त्या खडखडाटात कान निम्मे गेले आणि मागावरची माणसं शिकतात तसे ते ओठ वाचायला शिकले. नव्या माणसाला अवघडल्यासारखं व्हायचं. सुट्टीच्या दिवशी ते फुटबॉलचे रेफरी असत, आणि कानांची त्यांना खंत नव्हती. "लोकं लई शिव्या देत्यात म्हणं रेफरीला. मला कुठं ऐकू येत्यात! सोयच झालिया," म्हणायचे.

मी मच्छे गावातल्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. चाळिशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लागलो. एकदा लाईनमन आला नाही, तेव्हा आप्पांनी झेंडा माझ्या हातात कोंबला. "पळतोस न्हवं रोज? मग हितंच पळ." पुढं त्यांनीच मला नियम शिकवले, पण भीती काही जाईना. शाळकरी पोरांच्या सामन्यात मी पहिल्यांदा शिट्टी वाजवली आणि एकही पोरगं थांबलं नाही. आप्पा शेजारी येऊन म्हणाले, "शिट्टी वाजवलीस, का परवानगी मागितलीस रं?"

सामना संपल्यावर त्यांनी मला रिकाम्या मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि वाजवायला लावलं. वाजवली की मान हलवायचे, पुन्हा. शेवटी पलीकडं म्हैस चारणारी बाई दचकून वळली. "हां," आप्पा म्हणाले, "आत्ता वाजली."

मग माझं जमत गेलं. खेळाडू "सर" म्हणू लागले. तेवढ्यात ती फायनल आली. आमच्या वडगावचा संघ आणि नंदगडकडचा एक संघ. आप्पा रेफरी, मी लाईनवर. माझ्या पाठीला अगदी खेटून आमच्याच गल्लीतली माणसं बसलेली. सामना संपत आला असताना आमच्या पोरानं गोल मारला. पोरगं ऑफसाईड होतं, शेवटच्या बचावपटूच्या हातभर पुढं; असा गोल धरत नाहीत. मी झेंडा वर केला. मागून आवाज आला, "विलासमामा, घराकडं यायचं हाय न्हवं?" लोक हसले. माझा हात खाली आला. आप्पा पळत आले आणि त्यांनी माझ्या तोंडाकडं बघत विचारलं, "काय?" मी म्हणालो, "गोल." त्यांनी गोल दिला.

नंदगडकडच्या पोरांनी तक्रार केली : लाईनमनचा झेंडा वर गेला होता, बहिऱ्या रेफरीनं मानला नाही. सामने भरवणाऱ्या फुटबॉल मंडळाची बैठक बसली. आप्पा माझ्या समोरच्याच खुर्चीत. सेक्रेटरींनी मला विचारलं, "तुम्ही काय सांगितलं त्यांना?" तेव्हा खरं बोललो असतो तर माझी शिट्टी गेली असती, एवढंच. मी म्हणालो, "मी ऑफसाईड म्हणालो होतो. गोंधळात त्यांना ऐकू आलं नसेल."

आप्पा माझ्या ओठांकडं बघत होते.

मंडळानं त्यांना सामने देणं बंद केलं. मोठे सामने माझ्याकडं येऊ लागले. लोक म्हणायचे, विलास सरांची शिट्टी कशी खणखणीत!

फार दिवसांनी त्यांच्या घरी गेलो. माग चालू होता. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माग बंद केला.

"तुझा झेंडा वर गेल्याला मी बघितलता," ते म्हणाले.

"मग गोल का दिलात आप्पा?"

"इचारलं तर तू गोल म्हणालास. फायनलला नवा होतास. त्या लोकांसमोर तुला खोटं पाडलं असतं, तर तू परत झेंडा धरला नसतास. मैदानावर माणूस भेतंय रं, त्याचं काय न्हाय." मग सुटलेला धागा जोडत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "बैठकीत तू नवा न्हवतास."

आणि माग चालू केला. त्यानंतर मी जे काही बोललो, त्यासाठी त्यांनी मान वर केली नाही.

यंदा ते गेले. मंडळानं शोकसभा ठेवली. आप्पांचा मुलगा पुढं बसला होता. सेक्रेटरी चांगलंच बोलले. शेवटी म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. कानांनी दगा दिला, नाहीतर अखेरपर्यंत मैदानावर असते."

मी उठलो. म्हणालो, "कानांनी नाही. त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. मी गोल म्हणालो होतो, आणि इथं येऊन खोटं बोललो."

कुणीतरी खाकरलं. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "बसा विलासराव. आज कशाला ते?"

आप्पांचा मुलगा मागं वळून माझ्याकडं बघत होता. मी बसलो नाही. झेंडा वर गेला तिथपासून सगळं पहिल्यापासून सांगायला लागलो.