न्हाणीघरातला वजनकाटा

कॉलेजात माझी मुलगी मला मॅडमच म्हणते. घरी आई, इथं मॅडम, असं आमचं ठरलेलं आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या या कॉलेजात मी बारा वर्षं शिकवतेय, आणि पोरांना रक्तदान करायला लावतेय. कुणाचा रक्तगट कोणता, याची एक वही माझ्या कपाटात असते. सुईला काय घाबरता रे, मुंगी चावल्यासारखं वाटतं, हे मी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगते.

त्या वहीत एक नाव मात्र मी मुद्दाम लिहिलं नव्हतं.

मुलगी अठराची झाली त्याच दिवशी म्हणाली, "आई, माझं नाव घाल." तिचा गट ओ निगेटिव्ह, शोधून सापडत नाही असा. मी म्हटलं, आधी वजन बघू, पंचेचाळीस लागतं. ती येईपर्यंत मी न्हाणीघरातल्या काट्याचं शून्य जुळवायचं चाक सात घरं, म्हणजे सात किलो, मागं फिरवलं. ती वर उभी राहिली तेव्हा काटा एक्केचाळीसवर थांबला. असं का केलं? ती जन्मली तेव्हा दीड किलोची होती. पंधरा दिवस काचेच्या पेटीत. तिच्या एवढ्याशा हातात शीर शोधणारी सुई मी बाहेरून बघत होते, आणि ती अजून माझ्या डोळ्यांपुढून गेलेली नाही. दुसऱ्यांच्या लेकरांना मात्र मी खुशाल पुढं ढकलत होते.

पोरगी हट्टाला पेटली. तिला लहानपणापासून शेंगदाण्याचा वासही सहन होत नाही, पण वजनासाठी शेंगदाण्याचे लाडू खाऊ लागली. लाडू मीच वळून द्यायची. ती चव्वेचाळीसवर आली तेव्हा मी चाक आणखी दोन घरं मागं घेतलं. रिकामा काटा शून्याच्या मागं असतो, हे तिनं कधी वाकून पाहिलं नाही. आईनं लावलेला काटा कोण तपासतो?

सहा महिन्यांनी एका दुपारी जतकडचे एक आजोबा रक्तपेढीतून माझा पत्ता घेऊन कॉलेजात आले. खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं भरलेले.

"बाई, सून हाय माजी. सकाळी बाळातीन झाली. रगात थांबंना. एक पिशवी हुती ती चढीवली. ओ निगेटिव्ह म्हनं, दुसरी कुठंच न्हाई."

रक्त तपासायलाच दोन-अडीच तास जातात. डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंतची वेळ दिली होती आणि घड्याळात दीड वाजला होता. मी वही काढली. त्या गटाची दोनच नावं. एकानं मागच्याच महिन्यात दिलेलं, दुसरी पुण्याला. पोरं फोनला चिकटली. मलकापूर झालं, पलूस झालं, सगळीकडं नाही. आजोबा कुणाच्या तरी तोंडावर "आहे" दिसेल म्हणून एकेकाकडं बघत होते.

पोरांत माझी मुलगीही होती. फोन खाली ठेवून ती म्हणाली, "माझा गट तोच आहे. पण माझं वजन भरत नाही, मॅडम." तिचे डोळे भरून आले होते.

मी वहीत बघत राहिले. किती वेळ? पोरं म्हणतात, क्षणभर. मला विचाराल तर तेवढ्यात ती बाळंतीण दोनदा मेली.

"भरतं," मी म्हणाले. "चल."

रक्तपेढीतल्या काट्यावर ती उभी राहिली. त्रेपन्न. तिनं खाली पाहिलं, मग माझ्याकडं. तिला कळलं. "त्रेपन्न, मॅडम," एवढंच बोलून ती आत गेली. सुई टोचताना मी दारात उभी होते, आणि तिनं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही.

मग वाट बघणं. एका बाकावर तिघं, मध्ये आजोबा. साडेपाचला पिशवी मिळाली आणि दवाखान्यातून आलेला आजोबांचा मुलगा ती घेऊन दवाखान्याकडं पळाला. सव्वासातला त्याचा फोन आला. रक्त थांबलं होतं, सून बोलत होती.

आजोबांनी घोंगडीनं तोंड पुसलं. माझ्यापुढं हात जोडले. "बाई, पोरीला लय चांगलं वळण लावलंसा."

सुई टोचल्यापासून मुलगी पहिल्यांदाच वळून माझ्याकडं बघायला लागली. हो म्हणून मोकळं होता आलं असतं.

"न्हाई आबा," मी म्हणाले. "मी तिला अडवत होते. सहा महिने खोटं वजन दाखवलं."

आजोबा हळूच म्हणाले, "आई हाईसा तुमी. भ्या वाटायचंच." आणि सुनेकडं जायला उठले.

आमच्या दोघींमधली जागा रिकामी झाली. ती हातावरची चिकटपट्टी चाचपत म्हणाली, "नाक दाबून खाल्ले गं ते लाडू, आई."