सुटलं की सोडलं

कडूबाला लहानपणापासून एकच खोड होती, विचारायची. बैलाला पुढचे दात खालीच का, वरती का नाहीत? निजामाच्या काळात तो दोन वर्षं उर्दू शाळेत गेला, तिथं त्यानं मास्तरांना विचारलं की उजवीकडून लिहीत आलं तर आपल्याच हातानं शाई पुसत नाही का? उत्तरादाखल छडी मिळाली आणि शाळा संपली. गावानं त्याचं नाव 'कडूबा का-बरं' ठेवलं. नाव ठेवायला गावाला कारण लागतंच असं नाही, पण इथं होतं.

पोलीस ॲक्शनला बारा-तेरा वर्षं झाली तेव्हा कडूबा विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता. सिल्लोडपासून फर्दापुरापर्यंतचा काळा दगड या टोळीनं फोडलेला. विहिरीच्या तोंडावर यारी बसवायची. यारी म्हणजे मोठा लाकडी रहाट, दोन्ही अंगांना फिरवायचे दांडे. एकेका दांड्याला दोन माणसं. चौघांनी फिरवलं की दगडानं भरलेली लोखंडी पाटी वर येई, आणि संध्याकाळी त्याच पाटीत बसून खाली काम करणारा माणूसही. दांड्यावर चौघं होते: कडूबा, बद्रीनाथ, सांडू आणि आप्पासाहेब. नाव साहेबाचं असलं तरी आप्पासाहेब सगळ्यांत गरीब आणि सगळ्यांत कमी बोलणारा. खाली सुरुंगाची भोकं पाडायचा तो शफी.

फर्दापूरच्या अलीकडच्या एका विहिरीवर शफीला वर घेत होते. अर्ध्यावर त्यानं हाक दिली, "थांबा रे, कपारीत गज राहिला." चौघं थांबले. शफी गज उपसत होता, तेवढ्यात दांडे उलटे फिरले आणि पाटी खाली गेली. शफी वाचला. पण औरंगाबादच्या दवाखान्यात तीन महिने पडून राहिला, आणि घरी आला तो उजवा पाय वाकडा घेऊनच.

त्याच दिवशी बद्रीनाथनं ठरवून टाकलं होतं. "कुणी इचारलं तर चौघांचं एकच बोलणं. दांडा सुटला. चौघांचं काम होतं, एकाचं नाव कशाला?" सांडू व्हय म्हणाला. आप्पासाहेबनं मान हलवली. कडूबाही गप्प बसला, आणि हे त्याच्या आयुष्यात फार कमी वेळा घडलं होतं. चौकीवरचा जमादार आला, त्यानंही 'दांडा सुटून' असंच लिहून नेलं.

दवाखान्यात मात्र शफीची बायको मेहरुन्निसा समोर आली. कडूबा म्हणाला, "सुटलं, भाभी."

तिनं त्याच्याकडं बघितलं. "सुटलं की सोडलं?"

जगाला प्रश्न विचारत फिरणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणी असा प्रश्न विचारला होता. त्याला एवढं पक्कं माहीत होतं की त्या घटकेला त्याचे हात दांड्यावर नव्हते. म्हणजे शफीचा पाय आपणच मोडला का? की बाकीचे तिघं असताना आपल्या दोन हातांनी काही बिघडायला नको होतं? चौघांचं एक बोलणं झाल्यामुळं विचारायची सोय राहिली नव्हती. वर्षभर त्याला जेवण गोड लागलं नाही, हे मी वाढवून सांगत नाही. बायको भागूबाई रोज भाजीत मीठ कमी आहे का, असं विचारी.

शेवटी त्यानं आपल्या स्वभावाला शोभेल असा उद्योग केला. शफी तेव्हा फर्दापुरात मेव्हण्याच्या सायकलच्या दुकानात पंक्चर काढी. कडूबा बैलगाडी घेऊन तिथं गेला, आणि त्याला उचलून थेट सिल्लोडला कापसाच्या आडतीवर नेलं. मोठ्या काट्याच्या एका पारड्यात शफीला बसवलं, दुसऱ्यात दगड ठेवायला लागला. आडतीवरचे हमाल जमले.

"हे काय लावलंय?" शफीनं विचारलं.

"तुझ्याएवढे दगड पाह्यजेत."

"माझी तुला करतो व्हय? मग गूळ तरी घ्यायचा."

काटा बरोबर झाला. दगड गाडीत भरले, शफीला त्यांच्या शेजारी बसवलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी टोळीच्या नव्या विहिरीवर नेली. दुपारची भाकरी खाऊन तिघं बसले होते. शफीला बघून बद्रीनाथचा चेहरा उतरला.

"भांडाय नाय आलो," कडूबा म्हणाला. "मला फकत एक बघायचंय. हे दगड म्हणजे शफीभाई. खाली कुणी नाय. चौघांनी धरायचं, अर्ध्यावर थांबायचं."

कुणाला नाही म्हणता येईना, कारण शफी स्वतः काठावर पाय पसरून बसला होता आणि त्याला हे सगळं बघायची भारी उत्सुकता होती.

दगड भरलेली पाटी अर्ध्यावर आली. "आता मी सोडतो," कडूबा म्हणाला आणि बाजूला झाला. तिघांनी पाटी आरामात धरली. त्याला हायसं वाटलं. "सांडू, आता तू." सांडू बाजूला झाला. दोघांच्या दंडांच्या शिरा फुगल्या, पण पाटी जागची हलली नाही. कडूबाचं हायसं वाटणं तिथंच संपलं, कारण पुढचं त्याला कळून चुकलं होतं.

"बद्रीनाथ, तू."

बद्रीनाथनं हात काढले. आप्पासाहेब एकटा दांड्याला लोंबकळला, दांडा त्याच्या हातून निसटला आणि दगड धडधडत खाली गेले.

मग सांडूच म्हणाला, "मी तंबाखू मळत होतो. म्हटलं तिघं हायेत."

"माझं धोतर सुटाय लागलं होतं," बद्रीनाथ म्हणाला. "मलाबी वाटलं तिघं हायेत."

सगळे आप्पासाहेबकडं बघू लागले. तो हात चोळत होता. "मी धरूनच होतो," तो म्हणाला. "पर माझ्याच हातातून गेला ना. म्हणून मला वाटायचं, माझ्याच्यानंच झालं. तुम्ही समदे मला वाचवाय एक बोलायलेत."

कडूबाला लाज वाटली. एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. 'सुटलं' हा शब्द चौघांत फक्त आप्पासाहेबचा होता. बाकी तिघांनी तो त्याच्याकडून काढून घेतला होता, आणि त्या बिचाऱ्याला मात्र वाटत राहिलं की आपल्यावरच उपकार झालेत.

तरी हिशेब करायची खोड जाते थोडीच. तो शफीपाशी जाऊन बसला. "शफीभाई, आता कळलं बघ. एकानं सोडून काय झालं नसतं. दोघांनीबी नाय. तिघांनी सोडलं म्हणून झालं. म्हणजे त्यातला तिसरा हिस्सा माझा."

शफी त्याच्याकडं बघत राहिला. रागावलेला दिसत नव्हता.

"कडूबा, माझा पाय काय तिसरा हिस्सा मोडला? पुरा मोडला ना? मग तू पुरं बोल. त्या दोघांचं ते दोघं बोलतील."

कडूबा म्हणाला, "मी सोडलं. लेण्यांकडं एक मोटार चालली होती. उन्हाचं नीट दिसंना म्हणून दोन्ही हात कपाळावर धरून बघत होतो."

"हां," शफी म्हणाला. त्यानं वाकडा पाय हातानं उचलून नीट ठेवला. "कशी होती मोटार?"

त्यानं हे खरंच विचारलं होतं. वर्षभर अंथरुणाला आणि मग दुकानाच्या फळीला टेकून काढलेल्या माणसाला आपला पाय कशासाठी मोडला एवढं तरी कळायला हवं होतं. कडूबानं डोळे मिटून आठवून बघितलं, रंग आठवून बघितला, आत कोण होतं ते आठवून बघितलं.

"ध्यानात नाय रे," तो म्हणाला, आणि रडायला लागला.