झिकोमोच्या टाळ्या

आमच्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसणारा तो फिटर मशीन बसवायला झांबियाला जाणार होता. रोज मोबाइलवर व्हिडिओ शोधून शोधून तिथली न्यांजा भाषा पुटपुटत बसायचा. "मशीनचं जमंल राव, पण माणसांशी बोलायला नको व्हय?"

एकदा निघोज्याच्या स्टॉपवर उतरताना तो ड्रायव्हरसमोर किंचित वाकला, हातांची ओंजळ करून हळूच टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "झिकोमो."

ड्रायव्हर भडकला. "टाळ्या कसल्या वाजवतो? गाडी नीट नाही चालवली का?"

"अहो भाऊ, तिकडं आभार असेच मानतात!"

ड्रायव्हर चक्क लाजला. रोज आम्ही इतके जण उतरतो, आभार कुणी मानले होते त्याचे!

फिटर झांबियाला पोचला. इथे आता आम्ही टाळ्या वाजवल्याशिवाय ड्रायव्हर दार उघडत नाही.