ऐंशी टक्क्यांचे पेढे

सुधाकर सर नापास झाले नव्हते.

ज्यांना तसं वाटतं, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. परवा मंडईत एक बाई म्हणाली, "ऐंशी टक्के आले होते म्हणे. मग कसे गेले? पथ्य पाळलं नसंल."
हातातली मेथीची जुडी तिथंच टाकून निघून आले.

सर इथं लातुरात क्लासला बायोलॉजी शिकवायचे. वीस वर्षं माझ्या मेसवर जेवले. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. इम्युनोथेरपीची इंजेक्शनं लागू पडतील का, याचा अंदाज घ्यायला डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला.
रिपोर्ट आला. ऐंशी टक्के.

आपलं गाव कसलं! टक्के दिसले की पेढे.
मीच आणले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मेसच्या सगळ्या पोरांना वाटले. "सर पास!"

सर हसले. "मावशी, हे मार्क न्हाईत. कॅन्सरच्या शंभर पेशींतल्या ऐंशींवर एक खूण सापडली, एवढंच. औषधाची आशा वाढली. हमी न्हाई."

"शुभ बोला हो," म्हणून मीच त्यांना गप्प केलं.

इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांनी स्कॅन झाला. गाठ वाढलेली.

मग लोक यायचे, सफरचंदं ठेवायचे अन् उलटतपासणी घ्यायचे.
"एवढा चांगला रिपोर्ट, मग चुकलं कुठं सर?"
"पॉझिटिव्ह विचार करत न्हाईत तुम्ही."

अरे, माणूस झिजायलाय अन् तुम्ही त्याचा पेपर तपासायलात?
औषधानं साथ दिली नाही. त्यात त्याचा काय गुन्हा?

एक दिवस वरणभाताचं ताट सारून सर म्हणाले, "मावशी, तुमचे पेढे वाया घालवले मी."

हे ऐकायला जगले मी!

त्र्याण्णवच्या भूकंपात सरांची आई गेली, तेव्हा ते सातवीत होते. भिंती एकाच मातीच्या. शेजारची उभी राहिली, यांची पडली. आम्ही लातुरातून त्यांच्या गावी भाकरी घेऊन गेलो होतो. त्या लेकराला कुणी विचारलं नाही, तुझ्या आईचं कुठं चुकलं.
नुसतं जवळ घेतलं.

तेवढंच करायचं होतं याही वेळी. लई शिकलो ना आपण, म्हणून जमलं नाही.

सर, तुम्ही काही वाया घालवलं नाही. पेढे मी घाईनं वाटले.
मला माफ करा.

तुमच्या मावशीचा शेवटचा नमस्कार.