विंध्याचलरावांचं नाव

लालमतीला बदलापुरात येऊन एकोणीस वर्षं झाली, पण तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव कुणी ऐकलं नव्हतं. उत्तरेत, बलियाकडच्या तिच्या घरात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, असं सासूने लग्नाच्या आठवड्यातच बजावलेलं. शाळेत, दवाखान्यात, गॅसवाल्याकडे नाव विचारलं की ती आधार कार्ड पुढे करायची. नाहीतर "वैष्णवीचे पप्पा". लिहिणारा वैतागायचा, ही हसायची, पण नाव काही सांगायची नाही.

सोनिवलीत वन रूम किचन घेतलं तेव्हा समोरच्या दारात माई होत्या. त्यांचे यजमान श्यामकांतकाका गेल्यापासून एकट्याच. गुढीला कडुनिंब कसा बांधायचा, पुरण कधी वाटायचं, सवाष्णीची ओटी कशी भरायची, सगळं लालमती त्यांच्याकडूनच शिकली. छठपूजेचा गुळाचा तळलेला ठेकुआ ती पहिला माईंकडे न्यायची. माई तो देवापुढे ठेवायच्या आणि मगच खायच्या. लालमतीला त्या घासाचं फार अप्रूप.

शेजारच्या शहरात, कॅम्प दोनच्या बाजारात साड्यांना फॉल-पिको करून ती संध्याकाळी घरी यायची, तर दारात दोन-तीन बायका बसलेल्या असायच्याच. कुणाचं रेशनकार्ड, कुणाचा शाळेचा दाखला. उत्तरेकडच्या घरांत तिच्या शब्दाला वजन होतं. ते वजन राजसीताईंनी बरोबर हेरलं. राजसीताई वॉर्डातलं पक्षाचं काम बघायच्या. जानेवारीत त्या लालमतीच्या घरी येऊन चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, यंदा वॉर्ड महिलेला सुटणार, तुम्हीच उभ्या राहा. फक्त लोकांना वाटलं पाहिजे, की तुम्ही आपल्यातल्याच आहात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तेवढा एक उखाणा घ्या.

तीन दिवस लालमतीला घास गोड लागेना. शेवटी ती माईंच्या ओट्याशी जाऊन उभी राहिली.

"अगं, आमच्यात नाव घेतलं की आयुष्य वाढतं म्हणतात," माई म्हणाल्या. "देव काय दोन आहेत का, एक घटवणारा नि एक वाढवणारा?"

मग माईंनीच उखाणा जुळवून दिला, पाठ करून घेतला. लालमतीने देवापुढे दिवा लावून आधीच माफी मागितली आणि भरल्या हॉलमध्ये उभी राहिली.

"गंगेकाठी माहेर माझं, उल्हासकाठी घर, विंध्याचलरावांचं नाव घेते सांभाळून डोईचा पदर."

बायकांनी टाळ्या पिटल्या. माईंनी डोळे पुसले. राजसीताईंच्या हाताखालच्या पोरींनी व्हिडिओ काढला, तो सगळ्या वॉर्डात फिरला, फिरत फिरत बलियालाही पोचला. सासू त्या दिवसापासून फोनवर तिच्याशी बोलायची बंद झाली. विंध्याचल पीओपीची कामं करायचा. पांढऱ्या धुळीने माखलेला घरी आला, त्याने व्हिडिओ पाहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "एक बार और लगाओ."

सासूचा अबोला तिने काळजावर दगड ठेवून सोसला. तिकीट मिळालं की सगळं फिटेल, असं तिला वाटे. दहा महिने ती दारोदार फिरली, पाण्याच्या तक्रारी घेऊन पालिकेत गेली. अर्जावर वॉर्डातल्या एका मतदाराची सूचक म्हणून सही लागते. ती मी करणार, असं माईंनी आपण होऊन सांगितलं होतं.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस बुधवार, वेळ तीनपर्यंत. लालमती हिरवी काठाची साडी नेसून पालिकेच्या बाकावर बसली. विंध्याचलने खाडा केला होता. पक्षाचं पत्र राजसीताई आणणार होत्या. माईंचा फोन काही लागत नव्हता. म्हाताऱ्या माणसाला बरं नाही की काय, म्हणून हिचा जीव वर-खाली.

अडीचला राजसीताई आल्या. मागे त्यांची जाऊ वैदेही. आणि वैदेहीचा हात धरून पायऱ्या चढत माई.

"वरून नाव बदलून आलं, लालमतीताई," राजसीताई चालता चालता म्हणाल्या. "तुमचा मान आम्ही ठेवूच."

लालमतीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. काचेपलीकडे माई चष्मा सावरून वैदेहीच्या अर्जावर सही करत होत्या. सावकाश, वळणदार, जशी त्या वैष्णवीच्या वहीत अक्षरं काढून द्यायच्या तशी.

बाहेर आल्यावर माई तिच्याजवळ थांबल्या. लालमतीने एवढंच विचारलं, हे कधी ठरलं.

"सोमवारी," माई म्हणाल्या. "राग धरू नकोस गं. तुझ्यावर माया आहेच माझी. पण वॉर्डात आपलं माणूस नको का?"

मंगळवारी संध्याकाळी माईंनीच तिच्या या साडीवरून हात फिरवला होता. उद्या हीच नेस, म्हणाल्या होत्या.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी वैदेहीचं हळदीकुंकू होतं. बायका घेऊन या, असा निरोप आला. लालमती एकटीच गेली. लक्ष्मीच्या कुंकवाला नाही म्हणू नये, हेही तिला माईंनीच शिकवलेलं. तिने घटाला नमस्कार केला, कुंकू लावून घेतलं आणि निघणार तोच राजसीताईंनी तिच्या हातात माइक दिला. आमच्या लालमतीताईंचा उखाणा आता होऊन जाऊ दे, म्हणाल्या, आणि त्यात वैदेहीचंही नाव गुंफा.

सगळ्यांचे मोबाइल वर झाले. तिने माइक वर उचललाच नाही, तेव्हा ती विसरली असं वाटून पहिल्या रांगेतून माईंनी हळूच ओळ पुरवली, "गंगेकाठी माहेर माझं..."

लालमतीने माईंकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. वाट चुकून आलेल्या घरातून परत निघताना माणूस बघतं, तशी बघत होती.

"आमच्यात," ती म्हणाली, "नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

माइक तिने खुर्चीवर ठेवला, पदर डोक्यावर ओढला आणि दाराशी पडलेल्या ढिगातून आपल्या चपला शोधू लागली.